तुमची ओळख मी करून दिली

पपा,

दुकानात लावलेली ती चिठ्ठी तुम्ही स्वतः कधी वाचली नाहीत, म्हणून तिच्यात काय लिहिलं होतं ते आज सांगते. तुम्ही दिलेला मराठी मजकूर मला अजून जवळजवळ पाठ आहे. मुंबई सोडून यहुद्यांच्या या देशात, ओफाकिमला येऊन आपल्याला वर्ष होत आलं होतं, बासष्ट संपून त्रेसष्ट लागलं होतं. कापडाच्या कारखान्यातून आलात की तुम्ही अंग धुऊन, स्वच्छ सदरा घालून नुसते बसून राहायचात. मुंबईत त्याच वेळेला तुम्ही शिकवणीला निघायचात. डोंगरी, उमरखाडी, माझगाव, वीस वर्षं, पायी. सदरा घालायची सवय तेवढी बरोबर आली होती, शिकवायला जायला घर नव्हतं. एके दिवशी संत्र्यांच्या खोक्यावर वही ठेवून तुम्ही लिहायला बसलात आणि झाल्यावर आईला वाचून दाखवलंत. "मी मॅट्रिकला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा गणितात नापास झालो. मग कुठे चुकलो ते माझं मीच शोधून काढलं, आणि वीस वर्षं मुलांना तेच शिकवतो आहे. मी मारत नाही, ओरडत नाही. मूल जिथे अडतं तिथे मीही अडलो होतो, म्हणून मला ती जागा लवकर सापडते."

आई स्टोला पंप मारत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "अहो, ही जाहिरात आहे का कबुलीजबाब? दोनदा नापास झालात ते मुंबईला ठेवून यायचं होतं. बोटीतनं इथवर कशाला आणलंत?"

तुम्ही हसलात. "अगं, मास्तरानं आधी आपलं सांगावं, मग पोराचं विचारावं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे."

मग कागद माझ्याकडे आला. मी पंधरा वर्षांची, आणि घरात हिब्रू लिहिता येणारी एकटी. "बेटा, हे त्यांच्या भाषेत कर. छापील अक्षरात लिही हं, म्हणजे मलाही वाचता येईल." प्रार्थनेचं पुस्तक तुम्ही घडाघडा वाचायचात, ती ठसठशीत अक्षरं, खाली टिंबं नि रेघा दिलेली. हातानं लिहिलेली हिब्रू मात्र दिसायला निराळीच. टिंबं नाहीत, वळणं वेगळी, त्यातलं तुम्हाला काही लागायचं नाही. हे मला ठाऊक होतं, पपा. मी म्हणाले, "इथं चिठ्ठ्या हातानंच लिहितात. छापील बघून लोक हसतील." आणि शाळेत शिकवलेल्या वळणात मी लिहिलं: मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, गणित आणि इंग्रजीचे अनुभवी शिक्षक, घरी येऊन शिकवतील. नापासाचं काही नाही, अडण्याचं नाही, न मारण्याचंसुद्धा नाही. तुम्ही चिठ्ठी उलटसुलट करून पाहिलीत आणि म्हणालात, "वा! माझ्यापेक्षा थोडक्यात लिहिलंस."

का केलं, ते सांगायला जाते तर सगळी कारणं लंगडी वाटतात. वर्गात मला दोन इयत्ता खाली बसवलं होतं. भारतात शाळा असतात का, असं एक मुलगी खरंच विचारायची, त्रास द्यायला नव्हे, तिला माहीत नव्हतं म्हणून. मला वाटलं, एक ओळ बदलली तर काय बिघडतंय. पोरीबाळी बाहुलीला लुगडं नेसवतात तसं मी तुम्हाला पदवी नेसवली.

आठवड्याच्या आत पहिलं बोलावणं आलं. आणि तिथं मला कळलं की आपण कुठं पाय घालून बसलो आहोत. कारण तुम्ही चिठ्ठीवर भागवणारे नव्हतात. प्रत्येक घरी पहिल्या दिवशी उभं राहून, टोपी काढून, स्वतःची ओळख करून द्यायची ही तुमची मुंबईची रीत. हिब्रू येत नव्हतं, म्हणून मी बरोबर हवी. मला अजून दिसतंय: मोरोक्कोहून आलेलं कुटुंब, आपल्यासारखीच दोन खोल्यांची जागा, तशीच सिमेंटची जमीन. मुलाचा बाप पलंगावर बसलेला, आई दारात. तुम्ही मराठीत सुरू करता, "सांग त्यांना, मी मॅट्रिकला दोनदा नापास झालेला माणूस आहे," आणि माझ्याकडे बघता. मी हिब्रूत सांगते, "माझे वडील म्हणतात, तुमच्या मुलाला शिकवायला त्यांना आनंद होईल." तो बाप उठून तुमचा हात हातात घेतो. परत निघताना तुम्ही म्हणता, "बघितलंस? नापास म्हटलं तरी हात धरला त्यानं. गरीब माणसाला खरं बोललेलं आवडतं." मी मान हलवते.

अशी सहा घरं झाली. सहा वेळा तुम्ही खरं बोललात आणि सहा वेळा मी ते गिळलं. शाळा सुटली की मैत्रिणी पाण्याच्या टाकीपाशी जमायच्या. मला तुमच्याबरोबर फिरावं लागायचं, कारण दुसरं कुणी तुमच्याबरोबर गेलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं. एकदा शेजारचे मामा म्हणाले, "पोरीला कशाला दमवता? माझं हिब्रू आता बरं झालंय, मी येतो." मी म्हणाले, "नको मामा, मला आवडतं." तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. तो हात मला नको झाला होता.

आणि एक रुमानियाची बाई. तिनं चिठ्ठी नीट वाचलेली. तुम्ही टोपी हातात घेऊन बोलत असताना तिनं मधेच विचारलं, "म्हणजे युनिव्हर्सिटा?" तो शब्द तुम्हाला कळला. "युनिव्हर्सिटीचं काय म्हणतेय ती?" मी म्हणाले, "मुलानं युनिव्हर्सिटीत जावं अशी तिची इच्छा आहे." तुमचा चेहरा उजळला. तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "येस! युनिव्हर्सिटी! येस!" आणि दोन्ही हातांनी होकार दिलात. त्या बाईनं तुम्हाला खुर्ची दिली, वर केकचा तुकडा. तुम्ही तो मिटक्या मारत खाल्लात. मी मागे उभी राहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. एकच महिना, पुन्हा पुन्हा.

शिकवणं मात्र तुमचंच होतं, त्यात माझी लुडबुड नव्हती. तुम्ही मुलाला खुर्चीवर बसवायचात आणि स्वतः जमिनीवर बसायचात. "आता तू मास्तर. मला शिकव." भाषा येत नव्हती हे खरंच होतं, त्यामुळे मुलाला ढोंग वाटायचं नाही. ते बिचारं हातवारे करून, चित्रं काढून भागाकार समजावायचं आणि समजावता समजावता स्वतःच थांबायचं. तिथं तुम्ही बोट ठेवायचात. तेवढंच. मग खिशातून आईनं बिरड्यासाठी जपून ठेवलेले वाल काढून मांडायचात. आई ओरडायची, "माझे वाल शिकवणीला नेऊ नका, इथं कुठे मिळतात?" मुलं तुम्हाला "हामोरे" म्हणायची, म्हणजे मास्तर. तुम्हाला त्याची केवढी गंमत! "आपण जन्माचे आडनावाला 'कर' लावणारे, इथं येऊन मोरे झालो," म्हणून कारखान्यात सगळ्यांना सांगायचात. ती सहाही मुलं वर्षअखेरीला पास झाली. पदवी नसतानाच झाली. हे मला दिसत होतं आणि तरीही तोंड उघडत नव्हतं, कारण आता एक ओळ राहिली नव्हती, सहा घरं झाली होती.

मग माझ्याच शाळेच्या हेडमास्तरांचा निरोप आला. ज्या दिवशी आला त्या दिवशी तुम्ही घरात चक्क नाचलात. "अगं ए, ऐकलंस का? नापास माणसाला शाळेत बोलावलंय! विलायतेत होईल का असं? मुंबईत झालं असतं का?" आई डोळे पुसत म्हणाली, "कोट काढते. डांबराच्या गोळ्यांचा वास जाईल का बघा." दुसऱ्या दिवशी सकाळपासून कोट बाहेर दोरीवर होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तुम्ही कारण सांगत होतात.

हेडमास्तर भला माणूस होता. आपल्याला बसवून, पाणी देऊन तो म्हणाला, गणिताचे शिक्षक सोडून गेलेत, नव्या वर्षाच्या सणांनंतर वर्ग उघडा पडेल, पालक तुमच्या वडिलांचं नाव घेतात. फक्त विद्यापीठाचं प्रमाणपत्र आणा, मला वर पाठवावं लागतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. माझी चुळबुळ पाहून तो आणखी हळू आवाजात म्हणाला, "कागद नसेल तर तसं सांग, मुली. इथं अर्ध्या लोकांचे कागद मागे राहिलेत. काहीतरी मार्ग काढू. मला फक्त खरं काय ते कळलं पाहिजे."

पपा, दार उघडं होतं. सताड उघडं. मी नुसतं म्हणायला हवं होतं की पदवी नाही, पण ते शिकवतात, ती मुलं बघा. पण मग त्यानं विचारलं असतं, चिठ्ठीत कुणी लिहिलं? आणि तुम्ही विचारलं असतं, काय लिहिलं? मी हेडमास्तरांना म्हणाले, "वडिलांना कारखान्यातलं काम सोडायचं नाही." आणि तुमच्याकडे वळून म्हणाले, "जागा भरली, म्हणतायत."

तुम्ही उठलात. "तोदा," म्हणालात, आभार मानलेत. तो काही बोलणार होता, पण तुम्ही दाराशी पोचला होतात.

बाहेर वारा होता, डोळ्यांत वाळू जात होती. तुम्ही कोट काढून हातावर घेतलात. दोन इमारती ओलांडल्यावर म्हणालात, "म्हणजे तोंड बघायला बोलावलं होतं. तोंड बघितलं, आणि जागा भरली." त्या वर्षांत भारतातून आलेल्या आपल्या लोकांना इथले धर्मगुरू लग्नाच्या वेळी आजीचं कूळ, पणजीचं कूळ विचारत होते, तुम्ही खरे यहुदी कशावरून म्हणून. कारखान्यात, प्रार्थनेनंतर, सगळीकडे तोच विषय. ती जखम खरी होती. तिच्यात मी आणखी एक टाकली, आणि ती खोटी होती. तुम्हाला दोन्हींतला फरक कधीच कळायचा नव्हता.

दुकानातली चिठ्ठी तुम्ही स्वतः जाऊन काढलीत. दुकानदार काय झालं म्हणून विचारत होता, तुम्ही तसेच बाहेर पडलात. मुलं दाराशी यायची, तुम्ही मला सांगायला लावायचात की मास्तर आजारी आहेत. तेवढं एक खोटं तुम्ही बोललात, तेही माझ्या तोंडून. नव्यानं आलेल्यांसाठीचा हिब्रूचा वर्गही सोडलात. पुढची सगळी वर्षं कारखाना, घर, प्रार्थना. रस्त्यात हेडमास्तर दिसला की हात वर करून "शालोम" म्हणायचा आणि तुम्ही मान फिरवायचात. मग तो माझ्याकडे बघायचा. गाव एवढंसं, रस्ता एकच. तो माणूस आपल्याला टळायचा नाही. शेवटी मीच दुकानाला जायची वेळ बदलली. सोळाव्या वर्षी शाळाही सोडली, तुमच्याच कारखान्यात लागले. तुम्हाला वाटलं घरच्यासाठी. खरं म्हणजे त्या शाळेच्या फाटकातून रोज आत जाववत नव्हतं.

त्यानंतर जे शिकले ते माझं मी शिकले. लोक कौतुकानं म्हणतात, बाईंनी सगळं स्वतःच्या हिमतीवर केलं. मी वाल मांडून केलं. कुठे अडले ते शोधत. पण शिक्षक कोण होते ते कुणी विचारलं तर विषय बदलते.

हे सगळं आत्ता वर आलं ते माझ्या नातीमुळे, तुमच्या पणतीमुळे. मी आता अश्केलोनला तिच्या आईबापांजवळ राहते. ती कॉलेजात आहे आणि फावल्या वेळात शिकवण्या घेणार आहे. हल्ली दुकानात चिठ्ठी लावत नाहीत. फोनवर सगळे मास्तर ओळीनं असतात, फोटो, शिक्षण, शिकवायची पद्धत. परवा ती माझ्या शेजारी बसून आपली ओळख लिहीत होती. वाचून दाखवत म्हणाली, "साव्ता," म्हणजे आजी, " मी आधी गणिताची खालच्या पातळीची परीक्षा दिली होती, मग एक वर्ष घालवून वरच्या पातळीची दिली. ते लिहू का? मुलांना धीर येईल, नाही का?"

मराठी तिला ऐकून कळते, उत्तर मात्र हिब्रूतच देते. मला तुमचं सांगायचं होतं. उभं राहून, टोपी काढून सांगणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढे होता. ती बोट फोनवर धरून थांबली होती, माझ्याकडे बघत, आणि मी म्हणाले, "कशाला? चांगलं तेवढं लिही."

तिनं ती ओळ पुसली.

मी तिला थांबवलं नाही, पपा. आत येऊन हे लिहायला बसले. मराठीत लिहिलं, कारण घरात ते कुणालाच वाचता येत नाही.