वसंतकाका, तुमच्या वह्या वाचायच्या कुणी?

प्रिय वसंतकाका,

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. माझं रडून झालंय. आता तुमचा राग येतोय, म्हणून लिहायला बसले.

आज सकाळी रोहन तुमच्या गॅरेजमधले फोटोंचे नि वह्यांचे खोके घेऊन दारात उभा. "नेहाताई, घर सेलवर टाकलंय. लायब्ररीवाले फोटो घेत नाहीयेत. तुला हवेत का? नाहीतर डंप करतो." तुमचा मुलगा म्हणाला हे!

काका, आम्ही सगळे इथे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला आलो ते कोड लिहायला. तुम्हीही त्यासाठीच आलात, पण रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून बागवाल्यांची दारं ठोठावत हिंडलात. इथली ऑफिसं उभी राहिली त्याआधीच्या, उरल्यासुरल्या जर्दाळूच्या बागा, फळं वाळवायच्या फळ्या, फळं चिरून काळे पडलेले बायकांचे अंगठे, सगळं टिपलंत. आणि एकाही फोटोमागे नाव नाही! नुसता नंबर. नावं-गावं सगळी वह्यांत, मराठीत, मुंगीएवढ्या अक्षरात. लायब्ररीतली बाई तरी काय करणार? "इंग्रजीत आणून द्या," म्हणाली.

मी विचारलं होतं तुम्हाला, "इंग्रजीत का नाही लिहीत?"

"अगं, माणूस बोलत असतो तेव्हा हात मराठीतच पळतो. तू ये ना शनिवारी. मी वाचतो, तू टाइप कर."

किती शनिवार कॅन्सल केले मी! कधी रिलीज, कधी पोरीचं सॉकर. तुम्ही आपलं "बरं, पुढच्या वेळी." एकदा तरी खडसवायचं होतंत ना!

मंडळाच्या गणपतीत तुमचं फोटोंचं टेबल जेवणाच्या रांगेपाशी लावलं होतं. लोकांनी अल्बमवर ताटं टेकवली. तुम्ही रुमालाने मठ्ठा पुसत राहिलात. आणि मी शहाणी विचारते, "काका, हे फोटोतले लोक आपले कोण?"

तुम्ही एवढंच म्हणालात, "आपण त्यांच्या बागेत राहतो, नेहा."

रोहनला मी आत बोलावलं. वही उघडून त्याच्यापुढे धरली. तो बघतच राहिला. "यार, मला यातलं एक अक्षर येत नाही. बाबांनी वाचायला शिकवलंच नाही." काका, परक्यांच्या तीन पिढ्या तुम्हाला तोंडपाठ, आणि घरच्या पोराला अआइई नाही? याचं उत्तर कुणाकडे मागू?

मग मीच अडखळत एक पान वाचलं. "आज रोहनला बरोबर नेलं. बागवाल्या म्हातारीने त्याची ओंजळ जर्दाळूंनी भरली. पोराने निम्मे खिशात कोंबले. पँट गेली! घरी गेल्यावर दोघांनाही बोलणी बसणार."

रोहन खोक्याशेजारी फरशीवरच बसला. मग म्हणाला, "आणखी वाच."

खोके इथेच राहणार, काका. रोज एक पान मी वाचेन, तो इंग्रजीत लिहील. आणि जिथे तुमचं अक्षर लागणार नाही तिथे जागा कोरी सोडू. मनचं काही घालणार नाही, हा माझा शब्द.

तुमची,
नेहा