अक्कांचं वैद्यक

जळगाव, सोमवार, पौष वद्य नवमी

आज भरीत मिक्सरमधून काढलं गेलं. लाकडी बडगीत न ठेचता! पंचमहापातकांत हे सहावं धरावं. पण कुंदाचे, म्हणजे आमच्या सौं.चे, जबडे अर्ध्या भाकरीतच दमतात. म्हणून हे पातळ पाप.

तिची पापणी मिटून खाली पडायला लागली तेव्हा आम्ही चष्मे बदलत बसलो. आता कळलं, हा स्नायू दमवणारा आजार; आणि त्याच्या मुळाशी छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथीवर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आधी औषधांनी स्नायू सावरू, मग गाठ पूर्ण काढू; पसरलेली दिसत नाही. सरळ गोष्ट. तेवढ्यात धुळ्याहून तिची थोरली बहीण अवतरली.

"भाऊ, गाठले हात लावा का पसरस ती. राहू द्या."

"अक्का, तुम्ही सर्जन केव्हा झालात?"

"तुमना संस्कृतमा शे का यानं औषध?"

नाही. मी जन्मभर शाळेत शिकवलेल्या संस्कृतात थायमसला शब्दसुद्धा नाही. कुंदा बहिणीकडे बघत म्हणाली, ऑपरेशन नको. झालं! डॉक्टर हरले, अक्का जिंकल्या.

संध्याकाळी पाणी पितानाही तिला ठसका लागला. जबड्यासारखा तिचा श्वासही दमेल, आणि आम्ही तेव्हाही वादच घालत असू. खरी भीती ही आहे.