आईकंद

२ जानेवारी
पोचले एकदाची! पाठीवर माझी सहा महिन्यांची लेक चेवे, गळ्यात कॅमेरा. रानऑर्किडांचे फोटो काढायचे आणि फोटोवरून जात ओळखायची, एवढंच काम. घरमालकीण बाना कसोंदे, म्हणजे कसोंदेची आई, भलतीच फटकळ. फुलावरून ओळखतेस होय गं, म्हणाली, आम्ही बाई चवीवरून ओळखतो! जेवायला चिकांडा होता: ऑर्किडचे कंद कुटून शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेल्या वड्या. चांगल्याच हाणल्या. मला इथे सगळे बाना चेवे म्हणतात. ऐकायला बरं वाटतं.

५ जानेवारी
पाणथळ माळावर अजब फूल सापडलं. जांभळं, लोंबत्या जिभेसारखी पाकळी. फोटो लुसाकाला, आमच्या प्रयोगशाळेत पाठवले. नुसत्या फुलावरून सांगता येत नाही, कंद दाखव, असं उत्तर आलं. रोप उपटलं. खाली कंदांची जोडी, एक सुरकुतलेला, एक टवटवीत. फोटो काढले आणि दोन्ही कंद लॉरीवाल्याबरोबर धाडले.

६ जानेवारी
बाना कसोंदे कडाडली. टवटवीत तो लेक, तेवढाच घ्यायचा. जुनी ती आई, ती मातीत परत दाबायची, हे आमच्या शेंबड्या पोरांनाही कळतं, म्हणाली. आई नेलीस तर माती आई मागते. मी हसले. लुसाकाला विचारलं, तर कंद कापून झाला होता.

९ जानेवारी
बाना कसोंदे सापडली. माळावर, डोक्याकडून कमरेपर्यंत जमिनीत. ओढून काढली तर चेहरा सोललेला, तोंडात माती ठासलेली. कसोंदे माझ्यावर धावून आला. म्हणाला, शिकलेली ना तू, मग आण माझी आई परत. मला भयंकर भीती वाटतेय.

११ जानेवारी
आणखी एक बाई गेली. तान्ह्याची आई. हात खांद्यापासून उपटलेले. लॉरी नाही, चिखलात रस्ता बंद. चेवेला घेऊन कुठे जाऊ —

१२ जानेवारी
बायका दारात. सगळ्या लेकुरवाळ्या. हातात कुदळी. तू नेलीस, तूच भर, म्हणतात. कसोंदे माळावर खणतोय —

दार फुटतंय. आधी चेवे मागितली. अगदी लाडीगोडीने. पोरीचं काही वाईट होणार नाही, बाना चेवे, आम्ही दूध पाजू —

खिडकीतून दिली. एकीने लगेच छातीशी धरली. चेवे रडली नाही.

बिजागरी निघाली. खड्डा इथून दिसतो. उभा, अरुंद. माझ्या मापा—