मला बरं झालं

प्रिय वेलांटी,

तुझं पत्र सोमवारी आलं. मी ते दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. कॉलेजच्या वादसभेत तू आणि जावईबापू एकाच व्यासपीठावर समोरासमोर उभे राहणार, हे वाचून आधी हसूच आलं. युद्ध संपवायला अणुबॉम्ब टाकणं योग्य होतं, हे तू सांगणार आणि नव्हतं, हे ते सांगणार. कॉलेजातल्या लोकांना मोठी गंमत वाटत असेल. घरी निदान जेवायच्या वेळेपुरता तरी तह करा, नाहीतर भाजी करपायची. पुढे तू विचारलं आहेस, ‘बाबा त्या बॉम्बमुळे जिवंत परत आले, हे मी भाषणात सांगू का? तू नको म्हणालीस तर नाही सांगणार.’ तीन दिवस उत्तर लिहिलं नाही. रागावले नव्हते. कुठून सुरुवात करायची ते सुचत नव्हतं.

तुला माहीत आहे, मी शाळेत गेले नाही. बाबा लढाईवर गेले तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यांची जागा रिकामी झाली आणि हाताखालची माणसंही लढाईवर गेली, म्हणून मालकांनी मला बोलावून घेतलं. काम साधं होतं. छापून झालेल्या पानाचे शिशाचे खिळे सुटे करून, पुसून, आपापल्या खणात परत टाकायचे. चुकीच्या खणात पडला की दुसऱ्या दिवशी ‘वर’चा ‘घर’ व्हायचा, आणि जुळवणारे म्हातारबा माझ्या नावानं खडे फोडायचे. अक्षरं मी तिथंच शिकले, तीही उलटी. खिळ्यावर अक्षर उलटंच असतं. पुढं कित्येक महिने सरळ छापलेला कागद मला परका वाटायचा. वेलांटीचा खिळा इतका नाजूक की बोटातून निसटायचा. तुझं नाव बाबांनी त्यावरून ठेवलं.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. सकाळची वेळ, म्हातारबांनी पहिल्या पानाचा मथळा जुळवून ठेवलेला. मी शाईचा रूळ घेऊन उभी. एकेक अक्षर लावत मी तो उलटा मथळा वाचला. एका विमानानं एका शहरावर एकच बॉम्ब टाकला आणि शहर नाहीसं झालं. मला वाटलं, म्हातारबांची चूक झाली. ‘एक’च्या पुढचा ‘हजार’ गळला असणार. तोवर आम्ही रोज हजारांनीच बॉम्ब छापत होतो. मी म्हणाले, “म्हातारबा, शब्द राहिला.” ते खवळलेच. “चाळीस वर्षांत माझ्या हातून काना गळला नाही, आणि काल अक्षर शिकलेली बाई मला शिकवतेय.” मी ऐकेना. सरळ मालकांकडे गेले. त्यांनी आलेली तार पुढं केली आणि शब्दावर बोट ठेवलं. “नाही बाई. एकच आहे.”

म्हातारबाही मागं येऊन उभे राहिले. यंत्र बंद होतं. आम्ही तिघं त्या एका शब्दाकडे बघत राहिलो. देवासमोर उभं राहिल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटलं, पण त्यात देव नव्हता. माणसांनीच केलेलं होतं ते. आपल्यासारखी, डबा घेऊन कामावर जाणारी माणसं. घरी जाताना मी रस्ता नीट बघत गेले. चांभाराचं दुकान, दवाखाना, शाळेचं फाटक, वाळत घातलेल्या चादरी. हे सगळं डोळे मिटून उघडेपर्यंत नाहीसं होतं, हे डोक्यात बसवायचा प्रयत्न करत होते. नाही बसलं. आजही बसत नाही. नंतर मी त्यावरची सापडतील ती पुस्तकं वाचली. दगडी पायरीवर बसलेल्या माणसाची नुसती सावली उरली, असं एका पुस्तकात होतं. ते पान मी कितीदा उघडलं असेल. ग्रंथपाल मुलगी हल्ली म्हणते, “आजी, पुन्हा तेच? एखादी प्रेमकथा न्या की.” मी म्हणते, “ही तीच आहे गं.” तिला वाटतं, म्हातारीला ऐकू कमी येतं.

आता बाबांचं. ते तेव्हा शत्रूच्या कैदेत होते, कोळशाच्या खाणीत. छावणीतल्या डॉक्टरनं त्यांना सांगून टाकलं होतं, हिवाळा निघायचा नाही. युद्ध संपलं आणि पहारेकऱ्यांनी फाटक उघडून दिलं. घरी आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. दारात कोणी आजारी मुलगा उभा आहे असं वाटलं. तेव्हा तू म्हणतेस ते खरं आहे. लढाई आणखी चार महिने चालली असती तर ते आले नसते, आणि तूही नसतीस. लोक त्यांना विचारायचे, “बॉम्ब टाकला ते बरंच झालं, नाही का हो?” बाबा म्हणायचे, “मला बरं झालं.” विचारणारा मान डोलवून निघून जायचा. त्यांनी एक शब्द जास्तीचा घातलाय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी खिळे वेचणारी बाई, माझ्या लगेच आलं. पण का घातला, ते तू जन्मलीस त्या दिवशी कळलं.

तुला मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसले होते. एकदम मुकादमाबद्दल सांगू लागले. खाणीतला मुकादम, शत्रूचाच माणूस, साठीचा. लाकडी टेकू मोडण्याआधी कसा करकरतो, ते कान लावून ऐकायला त्यानं बाबांना शिकवलं. एकदा छत खाली येत होतं तेव्हा कॉलर धरून बाहेर ओढलं, आणि वर दोन शिव्या घातल्या. बाबांना त्याच्या भाषेतल्या तेवढ्या शिव्याच येत होत्या. त्याची मुलगी बाळंतीण झाली, म्हणून तो दोन दिवसांची सुट्टी घेऊन नातवाला बघायला गेला. त्या शहरात. जाताना सगळ्यांना हातांनी दाखवत होता, बाळ एवढं आहे म्हणून. तो परत आला नाही. आठवड्यानं फाटक उघडलं. बाबांनी हे सांगितलं आणि तुझी मूठ उघडून बघत बसले.

तेव्हा माझ्या तोंडाशी काही आलं होतं. ते मी गिळलं. त्यानंतर सव्वीस वर्षं आम्ही एका ताटात जेवलो, भांडलो, घर बांधलं, तुझं लग्न केलं, शेवटी त्यांच्या उशाशी महिनाभर बसले, तरी ते बाहेर आलं नाही. बाबा गेल्यावर वाटलं, आता कुणाला सांगायची गरज नाही. मग तुझं पत्र आलं.

पहिला बॉम्ब पडला तेव्हा मी घाबरले. तीन दिवसांनी दुसऱ्या शहरावर दुसरा पडला. तोवर बातम्या येऊ लागल्या होत्या, आणि मी त्या अक्षर अक्षर लावून वाचत होते. म्हातारे, शाळेतली मुलं, दवाखान्यातल्या बायका. मला काही माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. तरी शरणागतीची तार येईना. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी मी मालकांच्या टेबलापाशी जाऊन विचारलं, “तिसरा कधी टाकणार?” त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि तो पुन्हा लावला. मला नवरा परत हवा होता. त्यासाठी आणखी एक शहर गेलं तरी चालणार होतं मला. मी ते मनात मागितलं, तोंडानंही मागितलं. तिसरा पडला नाही, लढाई आधीच थांबली, आणि म्हणून ते मालकांखेरीज कुणाला कधी कळलं नाही. पण पडला असता, तर मला आनंदच झाला असता, वेलांटी. इतकी माया माणसाला कुठवर नेते, याचं आजही मला भय वाटतं. हे बाबांना सांगायचं राहिलं, म्हणून तुला लिहिते आहे. बाबांची गोष्ट सांग, पण मुकादमासकट सांग. त्याला गाळणार असशील तर बाबांनाही गाळ. आणि समोरून जावईबापूंनी विचारलं, असलं काही मागणारी माणसं होती तरी कोण, तर तू उत्तर देऊ नकोस. मी येते आहे, पुढच्या रांगेत बसेन. गुडघ्यांमुळे मला उभं राहायला जरा वेळ लागतो, तेवढा मात्र द्या.

तुझीच,
आई