या नावाची इथं कुणी नाही

बा, तू गेल्यापासून आज पहिल्यांदा तुझ्याशी बोलतेय, तेही नातीच्या हातून, कारण अक्षर मला अजून येत नाही. कुणामुळे ते तुला माहीत आहे. मी सांगते, ती लिहिते, मध्येच विचारते, "आजी, असंच लिहू?" असंच लिही. मेलेल्या माणसाला काय लागतंय.

लूमच्या कारखान्यातल्या उरल्यासुरल्या कापडाच्या गोधड्या शिवते मी. नातीने त्यांचे फोटो लावून वेबसाइट बनवली. ज्या कंपनीकडे ती ठेवली तिथून पत्ता मिळाला तो लांबलचक, आकड्यांचा, कुणाच्या तोंडी बसणार नाही असा. मग तिने दुसरीकडून फुकटातलं नाव शोधलं. सबडोमेन म्हणतात त्याला. टिंबाच्या आधीचा शब्द आपण निवडायचा, टिंबानंतरचं त्यांचं. मी म्हटलं, म्हणजे लग्न झालेल्या बाईसारखंच, नाव आपलं, आडनाव दुसऱ्याचं. ती म्हणाली, "तुझ्या वडलांचं नाव घालू या का? गिऱ्हाइकाला खानदानी वाटेल." माझं घाल, म्हटलं.

घातलं. नाव देणाऱ्यांकडे तिने आमच्या साइटचा पत्ता भरला, म्हणजे कुणी हे नाव टाकलं की त्याला इकडे धाडायचं. उघडलं, तर पडद्यावर दोनच ओळी. काय म्हणतंय, विचारलं. "म्हणतंय, या नावाचं इथं काही नाही." मी इतकी हसले की पोरीला वाटलं ठसका लागला.

तुझंच बोलणं की ते, बा. आईने तुझ्या चोरून शाळेत माझं नाव घातलं होतं. तू मला कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला बसवलंस, म्हणून शाळेतल्या बाई हजेरीची वही घेऊन दारात आल्या. लूमच्या खडखडाटात ओरडून त्यांनी माझं नाव वाचलं. मी तुझ्यापासून दोन हातांवर, कांडीवर सूत चढवतेय. तू वहीत बघतोस. तुला वाचता येतं.

"या नावाची हितं कोनी न्हाय, बाई."

"मग ही कोण?"

"ही? ही कांडी मशीन हाय."

कारागीर हसले. मीही हसले, तू खूश व्हावास म्हणून. तुझ्या बोलण्यापेक्षा त्या हसण्याचीच मला जास्त शरम वाटते.

नात दुपारभर डोकं धरून बसली. मग चूक सापडली. नाव देणाऱ्याला सांगून भागत नाही, साइट जिथे ठेवलीय त्यांनाही सांगावं लागतं, हे नाव आमचं, आलं तर ओळख द्या. तिने तिकडच्या रकान्यात माझं नाव भरलं, आणि थोड्या वेळाने गोधड्या दिसू लागल्या. आईने शाळेत सांगितलं होतं, बिचारीने. घराला कोण सांगणार होतं?

तू शिकवलेला तुझा लेक गेला, मागे मूलबाळ नाही. तुझं नाव सांगणारी आता मी एकटी. नातीने परवा पुन्हा विचारलं, "खाली बारीक अक्षरात तरी लिहू, अमक्याच्या लेकीने शिवलेल्या. काय नाव होतं गं त्यांचं?" मी सुई दातात धरून म्हटलं, आठवत नाही.

आता हिचा हात थांबलाय. "आजी, पाकिटावर काय लिहू?" म्हणते. काही लिहू नकोस, कुठे पाठवायचंय. पण एवढं लिही: खोटं बोलले. रोज आठवतं.