हलेल तो फोटोत येणार नाही

२ डिसेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठे छायाचित्रकार ठेवतात म्हणे. ठेवत नसतील तर ते त्यांचं नुकसान.

एकतीस वर्षं परळीत 'दीपमाला फोटो' चालवतोय. लग्नं ड्रोनवाल्यांनी नेली, बारशी मोबाईलने नेली. पासपोर्ट साइज तेवढे राहिलेत. आज पेपरात वाचलं, पुण्याच्या एका छायाचित्र मंडळाची स्पर्धा आहे. विषय: गजबजलेलं रेल्वे स्टेशन, माणसं आणि गती. निवडक फोटोंचं जानेवारीत पुण्यात प्रदर्शन. स्टेशन माझ्या दुकानापासून चालत सात मिनिटांवर. म्हणजे स्पर्धा जवळजवळ माझ्यासाठीच काढली आहे. बायकोला, वत्सलाला, सांगितलं. ती म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावा.

४ डिसेंबर, सकाळी ७

फलाटावर हजर. शिपायाने तिपाई स्टँड लावू दिला नाही. कॅमेऱ्याला हरकत नाही म्हणाला, तीन पायांना आहे. वाद घातला नाही. घरी येऊन पाच किलो बाजरीची पिशवी नेली. बाकावर पिशवी, पिशवीवर कॅमेरा. अजिबात हलत नाही. पुढेमागे या पद्धतीला माझं नाव पडेल.

गती पकडायची तर शटर दहा सेकंद उघडं ठेवायचं. चालणारी माणसं पुसट होतात, गर्दीची नुसती धार दिसते. आज उजेड जास्त झाला, सगळे फोटो पांढरे आले. पहिल्या दिवशी असं व्हायलाच पाहिजे.

६ डिसेंबर

उपाय सापडला. अंगद वेल्डिंगवाल्याकडून काळी काच आणून लेन्सवर बसवली. उजेड कमी होतो. फोटो हिरवट येतात, पण ती आता माझी शैली.

अडचण वेगळीच आहे. गाडी आली, गर्दी उतरली, मी कॅमेऱ्यामागे वाकलो आणि अर्धी गर्दी थांबली. पाय जुळवून, हनुवटी वर, श्वास धरून. या गावातल्या निम्म्या माणसांना एकतीस वर्षं मीच 'हलू नका' म्हणत आलोय. एका बाईने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवून पदर नीट केला.

शेवटी चहाच्या गाड्यापाशी उभं राहून सगळ्यांना समजावलं. म्हटलं, जो हलेल तो या फोटोत येणार नाही, थांबेल तोच येईल, आणि मला कोणीच यायला नको आहे. तुम्ही खुशाल चाला. हे फोटो पुण्याला लागणार आहेत, हजारो माणसं बघणार आहेत. लोकांनी लक्ष देऊन ऐकलं. भाषण चांगलं झालं.

९ डिसेंबर

जमलं! आज गर्दी अगदी धुरासारखी आली आहे. दुकानात कॉम्प्युटरवर मोठं करून बघत बसलो. चौथ्या फोटोत, गर्दीच्या बरोबर मधोमध एक माणूस उभा. एकदम स्पष्ट. हात मांड्यांना चिकटवलेले, नजर थेट माझ्याकडे.

पाचव्यात तोच. सहाव्यातही तोच. चाळीसच्या चाळीस बघितले, चौथ्यापासून पुढे सगळ्यांत तो.

शपथेवर सांगतो, फलाटावर मला असा कोणी दिसला नव्हता. अर्थात काच बसवली की कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही. तरीही.

१० डिसेंबर

आज जागा बदलली. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. एकवीस फोटो. एकवीसमध्ये तो.

११ डिसेंबर

स्टेशनवर गेलो नाही. गुडघा दुखतोय. शिवाय कलाकाराने अधूनमधून विषयापासून लांब राहावं.

दुपारी एक जण पासपोर्ट साइज काढायला आला. पांढऱ्या पडद्यापुढे बसवला, 'हलू नका' म्हटलं, तर त्याच्या खांद्यामागे कोणीतरी उभं आहे असं वाटलं. पडदा बदलून निळा लावला. तिथेही वाटलं.

१३ डिसेंबर

कॅमेऱ्याच्या बॅगेत लिंबू ठेवून गेलो. श्रद्धा म्हणून नाही, वासासाठी.

तो आज जवळ आलाय. नाक, मिशा, गळ्यातला तपकिरी मफलर, सगळं दिसतं. तोंड किंचित उघडं आहे, काही सांगायचं राहिल्यासारखं. गर्दी त्याच्या अंगावरून पाण्यासारखी गेली आहे आणि त्याचा केससुद्धा हललेला नाही. जिवंत माणूस दहा सेकंद इतका स्थिर राहूच शकत नाही, हे मी व्यवसायाने सांगतो.

वत्सलाला दाखवलं. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, भुताला मफलर कशाला लागतो. नंतर बाजरीबद्दल बोलली. पिशवीला रेल्वेची काजळी लागलीय म्हणे आणि भाकरी कचकच लागते.

१५ डिसेंबर, दुपारी ४

फोटो पाठवायचा आज शेवटचा दिवस. सतरा नंबरचा फोटो अप्रतिम आहे, फक्त मधोमध तो. विषय गती आहे, खांबासारखं उभं राहणं नाही. कॉम्प्युटरवर त्याला पुसला. नवरीच्या गालावरचा डाग पुसतो तसा, अलगद. पाच मिनिटांचं काम. फोटो पाठवून दिला.

पुसून झाल्यावर हलकं वाटायला हवं होतं. वाटेल.

१८ डिसेंबर, सकाळी ८

भेटला. म्हणजे भेटले.

सवयीने फलाटावर गेलो होतो, कॅमेरा खांद्यालाच होता. मफलरवाला माणूस समोरून चालत आला. मी दोन पावलं मागे सरलो, हे इथे कबूल करतो, कारण इथे कोणी वाचणार नाही. त्यांनी नमस्कार केला. नाव धोंडीराम. मूळचे शिरूर कासारकडचे, ऊसतोडीला जायचे. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. बायको वारल्यावर अर्धा कोयता राहिला आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहजी घेत नाही. म्हणून इथे मेव्हण्याकडे आले. माझं चहाच्या गाड्यापाशी केलेलं भाषण त्यांनी शब्द न् शब्द ऐकलं होतं. म्हणून माझा कॅमेरा दिसला की ते समोर येऊन उभे राहायचे आणि श्वास धरायचे.

मी विचारलं, कशासाठी?

"तेजश्री म्हनून पोरगी हाय माझी," ते म्हणाले. "चार वर्सं झाली, ह्याच फलाटावरून पुण्याला गेली. तिच्या पसंतीच्या पोरासंगं. मी म्हनलो, तू मला मेलीस. आता पत्ता न्हाई, नंबर न्हाई. तुमचा फोटू पुण्याला लागला तर दिसंल तिला, बाप फलाटावर हुबा हाय. राग गेलाय माझा, ते तिला कोन सांगनार दुसरं?"

मग त्यांनी विचारलं, चांगलं थांबलतो ना मी? मी म्हणालो, फार चांगलं.

१९ डिसेंबर

सरळ उपाय आहे. स्पर्धेच्या नियमात लिहिलंय, पाठवलेला फोटो ३१ डिसेंबरपर्यंत बदलता येतो. मूळ फोटो माझ्याकडे आहे. आज बदलतो.

२१ डिसेंबर

लाईट नव्हती. उद्या.

२४ डिसेंबर

लाईट होती, नेट नव्हतं. नंतर नेट आलं तेव्हा मूळ फोटो पुन्हा नीट बघितला. खरं सांगायचं तर कलेच्या दृष्टीने तो कमजोर आहे. नजर सरळ त्या माणसावर जाते, गतीकडे जातच नाही. निवडला गेला नाही तर धोंडीरामांचाच तोटा. म्हणजे पुसलेला ठेवण्यात त्यांचंही हित आहे, असाही विचार करता येतो. करतोय.

२८ डिसेंबर

स्टेशनवर जायचं बंद केलं. आता ते दुकानासमोरच्या वडापावच्या गाडीपाशी उभे असतात. आत येत नाहीत. मी बाहेर बघितलं की हात सरळ करतात.

३० डिसेंबर

उद्या नक्की. वत्सलाच्या गळ्याची शपथ. तिला सांगितलं नाही, ती म्हणेल स्वतःच्या गळ्याची घ्या.

१ जानेवारी

नवीन वर्ष. मागचं मागे. काल दिवसभर दुकानात कॉलेजच्या फॉर्मचे फोटो होते, एकाला एक लागून. मान वर करायला फुरसत नव्हती. सहा फोटो काढले.

११ जानेवारी, शनिवार

निवड झाली! दोनशे चाळीस फोटोंतून बावीस, त्यात मी!

मंडळाचं पत्र आलं, तीनदा वाचलं. परीक्षक लिहितात, 'वाहत्या गर्दीच्या मधोमध फलाटावर एका माणसाची लांब सावली स्थिर पडली आहे, आणि माणूस मात्र नाही. ही सावली बघणाऱ्याचा पाठलाग करते.'

फोटो उघडून बघितला. खरंच सावली आहे. माणूस पुसला आणि सकाळच्या उन्हातली त्याची सावली तशीच राहिली. डोकं, खांदे, मफलरचं लोंबणारं टोक, सगळं फरशीवर. मला कशी दिसली नाही? दिसली असणार. आतून दिसली असणार, म्हणूनच हाताने ती ठेवली. कलाकाराचं असंच असतं.

वत्सलाने सावली बघितली. धोंडीरामांचं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "त्यांना सांगा तुम्ही. आजच सांगा." आणि स्वयंपाकघरात गेली.

१२ जानेवारी

सांगायलाच बाहेर गेलो होतो. देवाशप्पथ. पण बातमी त्यांना आधीच कळली होती (काल संध्याकाळी मीच पेढे वाटले). ते तिथेच उभे होते, स्वच्छ पांढरा सदरा, मफलर धुतलेला. एकच विचारलं.

"दिसतो ना मी?"

मी म्हणालो, दिसता.

एका शब्दाचं काम. तेवढ्यात गाडीवाल्याने कढईत वडे सोडले आणि विषय बदलला.

१६ जानेवारी

योजना. प्रदर्शन २४ ते २६. मी २३ लाच पुण्याला जायचं. मूळ फोटो मोठा छापून न्यायचा, मंडळाला विनंती करून शेजारी लावायचा. दोन्ही फोटो शेजारी शेजारी, 'माणूस' आणि 'सावली'. कलेच्या दृष्टीनेही फार वरचं होईल. मला हे आधी कसं सुचलं नाही.

२० जानेवारी

छापला, फ्रेमही केली. धोंडीराम जवळजवळ खऱ्या उंचीचे आले आहेत. दुकानात भिंतीला टेकवून ठेवलाय. तोंड भिंतीकडे केलंय. गिऱ्हाईकं घाबरतात.

गिऱ्हाईकांना कोणी दाखवला नाहीये. मीच घाबरतो.

२२ जानेवारी

धोंडीराम दुकानात आले, पहिल्यांदाच. ते स्वतः पुण्याला निघालेत म्हणे. पोरगी आली तर फोटोपाशी कोणी ओळखीचं असावं. मी समजावलं की थंडी आहे, मोठं शहर आहे, दम लागेल. ते ऐकून घेत होते आणि त्यांची नजर भिंतीकडे तोंड केलेल्या त्या मोठ्या फ्रेमवर होती. काय हाय, त्यांनी विचारलं. आरसा आहे, दुरुस्तीला आलाय, मी म्हणालो.

हे का बोललो मला माहीत नाही. फ्रेम उलटी करून त्यांच्या हातात देता आली असती. पुण्यापर्यंत त्यांनी ती छातीशी धरून नेली असती.

२३ जानेवारी

गेलो नाही. गुडघा. फ्रेमही एसटीत मावली नसती.

२५ जानेवारी

दिवसभर दुकान बंद. मंडळातून फोन आला, प्रदर्शनाला गर्दी चांगली आहे आणि माझ्या फोटोपाशी लोक सर्वात जास्त थांबतात. अभिनंदन म्हणाले. मी विचारलं, फोटोजवळ एखादा म्हातारा माणूस आहे का. ते म्हणाले, आहे, कालपासून आहे, तुमचे कोणी का?

मी म्हणालो, नाही. ओळखत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

सकाळी शटर वर केलं तर धोंडीराम पायरीवर बसलेले. आत या म्हणालो, आले नाहीत. मी पण पायरीवर बसलो.

त्यांनी सावकाश सांगितलं. तिन्ही दिवस फोटोपाशी उभे होते. लोक समोर उभे राहून मोबाईलवर फोटो काढायचे, मग कोणीतरी येऊन त्यांना बाजूला व्हायला सांगायचं, कारण ते मध्ये येत होते. ते बाजूला व्हायचे आणि परत जागेवर यायचे. तेजश्रीच्या वयाच्या बऱ्याच पोरी येऊन गेल्या. तेजश्री आली नाही. किंवा आली असेल, म्हणाले, तरी फोटोत तिला बाप सापडला नसता.

मला वाटलं, आता बोलतील. शिवी देतील, निदान कॉलर धरतील. त्याची मी वाट बघत होतो. खोटं कशाला लिहू, मला ते हवं होतं.

त्यांनी मफलरचं टोक बोटांत धरलं.

"सावली आली माझी," ते म्हणाले. "मफलर वळखला मी. म्हंजी सावली थांबलती. मीच हाललो आसंन, साहेब. तुमी सांगितलंतं, तरी हाललो. पोरगी डोळ्यापुढं आली आसंल त्या टायमाला."

आणि त्यांनी माझी माफी मागितली. माझा एवढा मोठा फोटो त्यांच्यामुळे अर्धा राहिला म्हणून.

पाठीमागे दुकानात ती फ्रेम होती. उठून चार पावलं, बस्स. मी उठलो नाही. तोंड उघडलं तेव्हा माझाच आवाज मला ऐकू आला, गिऱ्हाईकाशी बोलतो तसा, शांत आणि समजुतीचा.

"हो," मी म्हणालो. "जरासे हललात तुम्ही."

त्यांनी मान डोलावली आणि स्टेशनच्या दिशेने गेले.