बॉनेट लावून पाहिलंत का?

सोमवार, ४ एप्रिल
डॉक्टरीणबाईंची मोटार आजही टेकडीच्या तिसऱ्या वळणावर बसली. भर दुपारी! इंजिनाच्या धगीने पंपातच पेट्रोल उकळतं आणि पंप नुसती वाफ ढकलत राहतो. बाई पंपावर ओलं फडकं टाकून अर्धा तास छत्रीखाली बसल्या होत्या. बायको माझी टेकडीवर, माहेरी. हिचे दिवस भरत आलेत, आणि पंचक्रोशीत डॉक्टर म्हणजे या बाई एकट्याच. ऐन वेळी अर्धा तास गेला तर?

सासूबाई म्हणाल्या, "घोड्याला फडकं लागत नाही हो." झोंबलं.

गुरुवार, ७ एप्रिल
जुना पंप काढला. विजेवर चालणारा नवा बसवला, इंजिनामागच्या पत्र्यावर. काय गोड टिकटिक! चार वेळा टेकडी चढलो, चारही वेळा भर उन्हात. एकदाही थांबली नाही. उस्ताद — आमच्या मोटार-दुरुस्तीच्या कारखान्याचे मालक, कौतुकाला हात कायम आखडता — त्यांनी चक्क पाठ थोपटली. मी हवेत!

रविवार, १० एप्रिल
हिला सगळं साग्रसंगीत सांगितलं. टिकटिक तोंडाने करून दाखवली. हिने शांतपणे विचारलं, "बॉनेट लावून पाहिलंत का?"

नाही. टिकटिक ऐकू यावी म्हणून बॉनेट पहिल्या दिवसापासून कोपऱ्यात उभं!

"झाकण ठेवलं की दूध लवकर उतू जातं," ही म्हणाली. सासूबाई खोकल्या. ते हसणं होतं, मला कळतं.

सोमवार, ११ एप्रिल
बॉनेट लावलं. तिसरं वळण. बसली.

बुधवार, १३ एप्रिल
पंप थेट मागे नेला, टाकीशेजारी. पेट्रोलची नळी इंजिनाच्या थंड अंगाने फिरवली. पण बॉनेटखाली कोंडलेल्या गरम हवेला वाट हवी. हिंमत करून दोन्ही बाजूंना बारा-बारा चिरा पाडल्या, कडा बाहेर वळवल्या.

बाई आल्या. "अहो, मोटार दिली होती, तुम्ही किसणी केलीत!" उस्तादांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, आधी बसा तर खरं.

बॉनेट लावून, भर बाराला निघालो. तिसरं वळण मागे पडलं. मग चौथं आलं, पाचवं आलं — पोचलो! बाईंनी छत्री मागच्या सीटवर टाकली. "ही आता पावसापुरती."

शनिवार, १६ एप्रिल
रंगारी विचारतो, चिरा बुजवून देऊ का? हाकलला!

मंगळवार, १९ एप्रिल
मुलगी! भर दुपारी. दोघी सुखरूप. नाळ गळ्याभोवती होती. बाई म्हणाल्या, "थोडा जरी उशीर झाला असता—" सासूबाईंची तक्रार मात्र चालूच: "वळणावरचा अर्धा तास धरून मी पाणी सावकाश तापत ठेवलं, तर ही डॉक्टरीण दारात हजर!"